आधी झाकलेली नळी

प्रयोगशाळेत मॅडम नाकावर माशी बसू देत नसत. वीस वर्षं त्या एकाच जातीच्या विषाणूंच्या मागे होत्या, रेट्रोव्हायरसच्या. ही जात भलतीच आगाऊ. पेशीत शिरायचं आणि तिच्या जनुकांतच आपला मजकूर घुसडून बसायचं, पाहुण्याने येऊन घराच्या कागदांवर स्वतःचं नाव चढवावं तसं. माकडांतले, उंदरांतले, मांजरांतले, माणसांतले, सगळे मॅडमनी उभेआडवे तपासले होते. ‘ठाऊक नाही’ हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मांजरांचा एक विषाणू त्यांना माणसांच्या रक्तात सापडला. कारण न कळता वर्षानुवर्षं थकून अंथरुणाला खिळलेली ती माणसं. चाळीस नमुन्यांपैकी अठ्ठावीसांत तो निघाला. निबंध छापून आला आणि मॅडमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या अठ्ठावीसांत एक रक्त त्यांच्या धाकट्या बहिणीचं होतं.

बहिणीकडे अकरा वर्षांचा बोका होता. खिडकीजवळच्या खुर्चीत असा रेलून बसायचा की घरात सगळे त्याला ‘साहेब’ म्हणायचे.

“साहेबाला घरात ठेवू नकोस,” मॅडमनी फोनवर सांगितलं. “त्याच्याकडूनच आलंय तुला.”

असला म्हातारा, आणि वर विषाणूचा शिक्का बसलेला बोका कोण घेणार? बहिणीने त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं आणि सुई देऊन कायमचं झोपवलं. मॅडमनी तिला शाबासकी दिली. हो, चक्क शाबासकी.

पुढे इतर प्रयोगशाळांना तो विषाणू काही केल्या सापडेना. त्यांना काम येत नाही, असं म्हणून मॅडमनी तो विषय उडवून लावला. मग एका दुपारी निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ काका त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“या वेळी पाण्याच्या दोन नळ्या ठेवल्या, मॅडम. एक तुमच्या पद्धतीने आधीच झाकली. दुसरी शेवटपर्यंत उघडी ठेवली.”

“बरं, मग?”

काकांनी चाचणीचा फोटो पुढे सरकवला. उघड्या नळीच्या जागी विषाणूची रेघ लख्ख दिसत होती.

प्रत्येक चाचणीत एक नळी नुसत्या पाण्याची असते. तिच्यात काही निघालं, तर बाहेरची घाण आत आली असं समजायचं. मॅडमची शिस्त अशी, की पाण्याची नळी सगळ्यांत आधी भरायची, झाकण लावायचं आणि मगच रक्ताच्या नळ्या उघडायच्या. नळ्या उघडायच्या त्याच काचेच्या कपाटात सकाळी तो विषाणू असलेल्या मांजरांच्या पेशी हाताळलेल्या असत. त्यांचा अंश उघड्या रक्तात पडत राहिला, आणि झाकलेलं पाणी दर वेळी सगळं ठीक असल्याची ग्वाही देत राहिलं.

एक नळी उघडी ठेवून बघू, असं काकांनी दोन वर्षांपूर्वीच सुचवलं होतं. “तुम्ही नळ्या भरा काका, शास्त्र मी बघते,” असं मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. आज काकांनी त्याची आठवण करून दिली नाही. करून दिली असती तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटलं.

बहिणीचं उरलेलं रक्त दुसऱ्या इमारतीत तपासलं. त्यात विषाणू नव्हता.

निबंध मागे घेण्याचं पत्र तासाभरात लिहून झालं. ‘त्रुटी आढळून आली’, ‘खेद वाटतो’. चूक करणारं त्यात कुणीच नव्हतं. बहिणीला असलं काही पाठवता येईना. चार दिवस मॅडम फोन उचलून खाली ठेवत राहिल्या. पत्र छापून आलं की तिला कुठूनतरी कळेलच, असाही विचार मनात येऊन गेला, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. पाचव्या दिवशी त्या तिच्या दारात उभ्या राहिल्या.

बहीण उशीला टेकून पडली होती. खुर्चीच्या गादीला अजून पांढरे केस चिकटलेले होते. मॅडमनी तिथे बसायचं टाळलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, नळीचं, कपाटाचं, काकांना बोललेलंही.

“म्हणजे साहेबाकडून मला काहीच आलं नव्हतं.”

“नाही. चूक माझी होती.”

बहिणीने उशीवरून मान वर केली. मग म्हणाली, “डॉक्टरांच्या टेबलावर तो माझ्या बाहीत तोंड खुपसत होता. मी त्याला समजावत होते, ताईने सांगितलंय, ताई उगाच नाही सांगणार.”

मॅडमची नजर गादीवरच्या केसांवर गेली.

“मग मला झालंय तरी काय, ताई?”

वीस वर्षांत सांगितलेली सगळी उत्तरं मॅडमच्या ओठांशी आली. त्यांतलं एकही खरं नव्हतं.

“ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या.

बहिणीने तोंड भिंतीकडे वळवलं.

“हे तेव्हा म्हणाली असतीस,” ती म्हणाली, “तरी मला चाललं असतं.”