शेंदराखालची ढाल

भोसरीत नवनाथचं घर विचारलं की लोक आधी विचारतात, "तलवारवाला का?" आणि मग बोट दाखवतात. माणूस तसा साधा. एका वर्कशॉपात बफिंगच्या चाकावर उभा राहतो, गंजके पार्ट लख्ख करून देतो. धाराशिवकडून पोटासाठी आलेला गडी, पण भंगाराच्या दुकानात जुनी कट्यार दिसली की भूकतहान विसरतो. आता याला काय म्हणावं! बायको विजयश्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "घरात एवढ्या तलवारी, आणि कांदा चिरायच्या सुरीला धार नाही." नवनाथ हसतो, आणि सुरीचं तेवढं पुन्हा विसरतो.

दाराशी टांगलीय ती त्याची पहिली तलवार. संग्रहातली सगळ्यात चकचकीत आणि सगळ्यात वाया गेलेली. आणली त्याच दिवशी पठ्ठ्यानं ती चाकाला लावली. कंपनीत गंज म्हणजे रिजेक्शन. हाताला सवयच तशी. पातं आरशासारखं झालं, स्वारी खूश. मग भंगारवाल्यानं मोबाइलमधला आधीचा फोटो दाखवला. मुठीजवळ गंजाखाली एक ओळ कोरलेली होती. नाव होतं की गाव, फोटोत लागत नव्हतं, आणि पात्यावर तर आता काहीच उरलं नव्हतं. नवनाथला अन्न गोड लागेना. तेव्हापासून जुन्या वस्तूला त्यानं मशीन लावलं नाही. तेल, मऊ कापड आणि हात, बस्स. तलवार मात्र मुद्दाम दाराशी ठेवली, जाता-येता दिसावी म्हणून.

चऱ्होलीच्या अंबुबाईंची ढाल त्याच्याकडे आली ती यंदा उन्हाळ्यात. अंबुबाईंचं रान बिल्डरकडे गेलं आणि बदल्यात बाराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जुन्या घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांची कातडी ढाल होती. दर खंडेनवमीला घरातल्या थोरल्या सुनेनं तिला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, ही त्यांची रीत. पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढून ढाल अशी दिसतच नव्हती, नुसता केशरी थर. फ्लॅटमधला देव्हारा म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक कप्पा. मुलगा रंगराव म्हणाला, "आई, हे धूड तिथं मावायचं न्हाई." त्यानंच कुठूनतरी नवनाथचं नाव काढलं.

"ने बाबा," अंबुबाई म्हणाल्या. "पर खंडेनवमीला मी येनार. शेंदूर मीच लावनार. तेवढं माझ्याकडनं काढून घिऊ नगं."

"या की मावशी, घर तुमचंच हाय," नवनाथ म्हणाला आणि ढाल उचलली.

ढालीची एक कड उंदरानं कुरतडली होती, तेलाचा वास येत होता. "असंच ठेवलं तर कातडं कुजेल," त्यानं विजयश्रीला सांगितलं. ते खरंही होतं. पण खरी खाज वेगळीच होती. खाली काय आहे ते त्याला बघायचं होतं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. कोमट खोबरेल आणि बांबूची काडी घेऊन तो बसला, आणि मग दर गुरुवारी बसतच राहिला. शेंदूर खपल्या-खपल्यांनी निघाला. टाकवेना, म्हणून त्यानं सगळ्या खपल्या एका डब्यात भरल्या. वरच्या अंगाला एक टणक गोळा होता, त्यानं फार छळलं. शेवटी तोही सुटला. खालून चार पितळी फुलं निघाली, मधे चंद्रकोर, आणि काळंभोर तुकतुकीत कातडं. विजयश्री हातातली भाजी तशीच ठेवून बघत बसली.

"पण मावशी शेंदूर लावायला येणार ना?" तिनं विचारलं.

"लावू दे की बोटभर. गेल्या की पुसून घेऊ."

खंडेनवमीला अंबुबाई रिक्षानं आल्या, शेंदराची वाटी फडक्यात बांधून. नवनाथनं ढाल पाटावर मांडली होती, भोवती झेंडू. अंबुबाईंनी ढालीकडे पाहिलं, मग खोलीभर पाहिलं.

"आमची ढाल कुठाय?"

"हीच की मावशी! बघा तरी कशी निघाली."

खोटं कशाला सांगा, तो शाबासकीची वाट बघत होता. अंबुबाई खाली बसल्या. पितळी फुलाला बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागं घेतलं.

"हितं वर एक गोळा व्हता," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचं शेवटचं वर्स. डोळ्यानं दिसत न्हवतं त्यास्नी. मी हात धरला, त्यांनी लावला. जास्तीच लागला, तसाच वाळला. दरसाली त्येच्यावर बोट ठिवायची मी."

नवनाथचं तोंड एवढंसं झालं. नजर दाराशी गेली, तलवारीवर.

"टाकलास व्हय रं?"

"नाही मावशी." त्यानं धावत जाऊन डबा आणला.

अंबुबाईंनी खपल्यांत बोटं घालून बराच वेळ चाचपलं. गोळा सापडला, तीन तुकड्यांत. डबा त्यांनी फडक्यात घट्ट बांधला.

"मावशी, शेंदूर लावा ना ढालीला," विजयश्री म्हणाली.

"कशाला? ती आता तुमची." आवाजात राग नव्हता. चार शिव्या दिल्या असत्या तर नवनाथला बरं वाटलं असतं. "सुटलेला शेंदूर नदीत सोडत्यात. मी न्हाई सोडायची. ह्यो डबा मावतोय माझ्या देव्हाऱ्यात."

आता ती ढाल दाराशी आहे, तलवारीच्या शेजारी. लोक येतात, तोंड भरून कौतुक करतात. कुणीतरी हटकून विचारतं, "मशीन लावलं का, राव?"

"नाही, हातानंच काढलं," नवनाथ सांगतो. पूर्वी हे तो छाती फुगवून सांगायचा.