कार्ब्युरेटरला दाभण

कार्ब्युरेटरचे जेट मी दाभणाने साफ केले. एकसष्टाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत. ते करणाऱ्या त्या बाईची, म्हणजे माझीच, मला आजही शिसारी येते.

नेरूळच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगच्या खांबाआड, ह्यांची जुनी इटालियन स्पोर्ट्स कार उभी असते. लाल, दोनच माणसांची. आत बसायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते. रोज सकाळी चोक ओढा, तिचा खोकला ऐका, मग ह्यांच्या अंगाला दिवसभर पेट्रोलचा वास. ऐरोलीहून मुलगा आला की त्याचं एकच पालुपद, "बाबा, हे कार्ब्युरेटर काढून टाका. फ्युएल इंजेक्शन बसवू. किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवेल."

"मग गाडी कोण चालवणार? तोच?" हे म्हणायचे.

शेवटी पैज लागली. रविवारी गाडी कोळ्यांच्या दिवाळे गावापर्यंत जाऊन नीट परत आली, तर इंजेक्शन हा शब्द घरात काढायचा नाही. नाही आली, तर कार्ब्युरेटर निघणार.

शनिवारी ह्यांनी दोन्ही कार्ब्युरेटर सुटे केले ते माझ्या जेवणाच्या टेबलावर. शेंगदाण्याएवढे पितळी जेट, आणि ते माझ्या पोळ्यांच्या ताटात! त्यांवर तेलकट काळा राप. ई! हे सोसायटीच्या मीटिंगला खाली गेले आणि माझ्यातली सुगरण जागी झाली. जेटला मधोमध बारीक भोक. हुबेहूब रॉकेलच्या स्टोव्हचं निपल! अर्धा संसार स्टोव्हला पिन मारत काढलेल्या बाईला कोण काय शिकवणार? पिन मारली, ती सैल गेली. भोकाची कड मात्र काळीच. मग दाभण आणलं आणि लखलखेपर्यंत गरागरा फिरवलं. वर चिंचेने घासलं. आणि कौतुकाची वाट बघत बसले, भवानी.

"वा, चकाचक!" म्हणत ह्यांनी ते बसवलेसुद्धा.

रविवारी आम्ही दोघं पुढे, मुलगा मोटारसायकलवर मागे. दिवाळे गावात शिरेपर्यंत गाडी काळा धूर ओकायला लागली आणि वाळत घातलेल्या बोंबलांशेजारीच बंद पडली. धूर, पेट्रोल आणि बोंबील! तो वास आठवून आत्तासुद्धा पदर नाकाला लावलाय. मासळी उलटणारी मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजोबा, ही गारी हाय का भट्टी? माजं बोंबील सगलं कालं झालं!"

मुलगा हसून हसून वाकला. "ठरलं हां बाबा. इंजेक्शनवाल्याला उद्याच बोलावतो."

गाडी ओढून घरी आणल्यावर ह्यांनी जेट काढला आणि उजेडाला धरून भोकातून बराच वेळ पाहिलं. "पितळच झिजलं असेल," म्हणाले. "म्हातारं झालं."

आणि मी काय केलं? चहा ठेवला. वर मुलाला फोन करून म्हणाले, "बसव बाबा ते इंजेक्शन. कटकट तरी जाईल." दाभण परवडलं, पण ही बाई! किळस यावी अशी.

सोमवारी सकाळी हे कार्ब्युरेटर माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवत होते. एकेक घडी नीट बसवत. ते बघवेना, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. पिन, दाभण, चिंच, सगळं सांगून टाकलं. भोक मोठं झालं म्हणून पेट्रोल जास्त आलं, आणि पेट्रोल जास्त म्हणून धूर, एवढं तोवर मलाही कळलं होतं.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जेट नवे मागवतो. इंजेक्शनवाल्याला तूच नाही म्हणून सांग. आणि आता मुलाला फोन लाव, सगळं पहिल्यापासून सांग. स्पीकरवर ठेव, मला ऐकायचंय."