बुरशीच्या कपाटाबाहेर

रश्मी शेजवळला कुणी आडनाव विचारलं की ती पुढचंही स्वतःच सांगून टाकायची. गाव कुठलं, धर्म बौद्ध, आणखी काही? समोरच्याने आडून आडून चौकशी करायची आणि आपण ती गोड मानून घ्यायची, हे तिला जमलंच नाही. मुलुंडच्या एका घरमालकाला तर तिने उंबऱ्यावरच गप्प केलं होतं. लोक तिला आगाऊ म्हणत. म्हणोत बापडे!

घाटकोपरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायची. म्हणजे तास मिळाले तर पगार, आणि तास वाटायचे विभागप्रमुख निमेश सरांनी. साहजिकच बाकीची मंडळी सरांपुढे नमतं घेत. रश्मीची मान मात्र वाकत नसे.

प्रयोगशाळेत तिने बशीत एक पिवळीधमक स्लाइम मोल्ड, म्हणजे चिकट गोळ्यासारखा एक जीव, वाढवली होती. ओल्या कागदावर ओट्स टाकले की ती बशीभर सरपटायची. बीजाणू धरते म्हणून कधीकाळी कुणी तिला बुरशीत ढकललं होतं, त्यामुळे तिची बशी बुरशीच्या कपाटात ठेवायचा शिरस्ता पडला होता. रश्मीने ती उचलून वेगळ्या टेबलावर मांडली.

"ही सरपटते, जिवाणू गिळते, अंगाभोवती भिंत नाही. ही अमिबाच्या घरातली," ती पोरांना सांगायची. "अरे, बुरशी तर नात्याने आपल्याला जास्त जवळची. बुरशी आणि प्राणी एकमेकांपासून वेगळे व्हायच्याही आधी ही फुटून निघालीय. आणि स्लाइम मोल्ड म्हणतात ते सगळे तरी एका घरचे कुठे आहेत? सारखे दिसतात म्हणून एकत्र कोंबलेत."

परीक्षा जवळ आली तसे निमेश सर म्हणाले, "परीक्षेपुरतं बुरशी लिहायला सांग ना. बाहेरचे परीक्षक जुन्या वळणाचे आहेत. पोरांची वाट लागेल, आणि मग तुझ्या तासांचं मला बघावं लागेल."

"खोटं शिकवायचे तास नकोच आहेत मला," रश्मी म्हणाली.

प्रॅक्टिकलला समोरचा नमुना ओळखून त्याचा गट लिहायचा असतो. रश्मीने ती बशी मांडली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली कल्पिता सगळ्यात आधी बसली आणि तिने लिहिलं, 'अमिबाचा गट, बुरशी नव्हे'. परीक्षक शरच्चंद्र सरांनी त्यावर लाल रेघ ओढली. मागच्या पोरांची उत्तरंही तीच, रेघाही त्याच. कल्पिताचे डोळे भरले ते पाहून रश्मीचं डोकं फिरलं.

"सर, या रेघा रद्द करा. नाहीतर मी गुणपत्रकावर सही करणार नाही."

"मॅडम, पुस्तकात ती बुरशीच्या धड्यात आहे."

"सोयीसाठी ठेवलीय तिथे. पाहुणा तुमच्या घरी झोपला म्हणून तुमचा भाऊ होतो का?"

"निकाल अडेल."

"अडू दे! कॉलेजची परीक्षक म्हणून सही माझीही लागते."

शरच्चंद्र सरांनी निमेश सरांकडे पाहिलं. निमेश सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग परीक्षकांनी तोंड वाकडं करून एकेक उत्तर बरोबर धरलं, आणि तेव्हाच रश्मीने पेन उघडलं.

संध्याकाळी निमेश सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "पुढच्या वर्षी तुला तास नाहीत. काय मिळवलंस गं एवढ्या चिकट गोळ्यासाठी?"

"सर, मला लोक आयुष्यभर न विचारता कप्प्यात घालत आलेत. मी कुणालाच तसं घालणार नाही. गोळ्यालासुद्धा."

तिने बशीतला तो गोळा ओल्या कागदासकट जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि ती देवनारला घरी आली. आईने, सुंदराबाईने, डबा घासायला म्हणून उघडला.

"अगं, भाजीला बुरशी आलीय!"

"बुरशी नाही ती, आई." आणि रश्मीने सगळं सांगितलं, तास गेल्याचंही.

सुंदराबाईने हातातली घासणी खाली ठेवली. तिच्या नवऱ्याने, भीमराजने, हयातभर सफाई खात्यात खाली मान घालून नोकरी केली होती.

"नाही म्हणालीस ना त्यांना? तोंडावर?"

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि डबा ओट्यावर सावलीत सरकवला. "आता हिला खायला काय घालायचं ते सांग."