वीस कोयते

पुण्यात कोयता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोंडं बांधलेली पोरं येतात, फोडलेल्या गाड्या येतात. आमच्याकडे पाथर्डीच्या बाजूला कोयता म्हणजे नवरा-बायको. ऊसतोडीची टोळी ठरवताना मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहते, दोघं मिळून एक कोयता. एकटं माणूस आलं तर अर्धा. मी स्वतः अर्धा कोयता म्हणून फडात उतरलो आणि पुढे त्याच फडात मुकादम झालो. कुणाच्या शिफारशीने नाही. भांडून, भाव वाढवून घेऊन, आणि दोन वेळा डोकं फोडून घेऊन.

टॉवरच्या कामात मी असाच शिरलो. ऊस संपला की उन्हाळ्यात आमची माणसं रिकामी असतात, आणि पुण्याच्या कडेला काचेचे टॉवर उभे राहत असतात. इंजिनिअर लोक पाया आणि स्लॅबचं बोलतात. मी गेटसमोरच्या चहावाल्याला एकच गोष्ट विचारायचो: भाडेकरू ठरला का? ऑफिसला भाडेकरू ठरलेला नसेल तर मालक सुस्त असतो, मजले उघडे पडून राहतात, मजुराला कुणी विचारत नाही. भाडेकरू ठरला, जागा ताब्यात द्यायची तारीख ठरली, की तोच मालक रात्रीचे दिवे लावतो आणि फोन करकरून माणसं मागतो. तेव्हा भाव बोलायचा. त्याआधी बोलणारा मुकादम मूर्ख.

त्या टॉवरला बाहेरच्या देशातली एक कंपनी वरचे सगळे मजले घेणार होती. आजूबाजूला तसेच तीन टॉवर रिकामे उभे होते आणि त्यांचे दलाल त्या कंपनीच्या मागे लागले होते. म्हणजे तारीख चुकली तर भाडेकरू समोरच्या टॉवरमध्ये जाणार, हे मला माहीत होतं आणि साईटच्या मॅनेजरलाही. राडारोडा खाली उतरवायचा, फरशीच्या पेट्या वर न्यायच्या, काचा पुसायच्या, असं काम होतं. भाव ठरला, हातावर हात मारून बोली झाली. मी गावात सांगितलं, माणसांनी गाठोडी बांधली. पहिलं गाठोडं माझ्या बहिणीचं. ती आणि दाजी टोळीतला सगळ्यात चांगला कोयता. दाजींच्या हाताला असा वेग की त्यांच्यामागे मोळ्या बांधताना बहीण त्यांना शिव्या द्यायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मॅनेजरचा फोन आला.

"मुकादम, तुमची माणसं नकोत. दुसरीकडून मिळाली."

"बोली माझ्याशी झालीय."

"बोलीचं काय घेऊन बसलात? ते लोक कमीत येतात."

"मग मला आधी सांगायचं. इथं लोकांनी घरं बंद केली."

"तो तुमचा प्रश्न आहे."

दाजी शेजारी बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "मुकादम, जाऊ द्या की. दुसरं काम मिळंल." पण मला "तुमचा प्रश्न" हे ऐकवत नाही. पहिल्यापासून ऐकवत नाही. मी फोनवर ओरडलो, "उद्या सकाळी वीस कोयते घेऊन तुझ्या गेटवर येतो. कोन अडवतो तेच बघतो मी."

पलीकडे तो एकदम गप्प झाला. सौद्यात समोरचा गप्प झाला की तो वाकला असं मी धरतो, आणि आजवर माझं चुकलेलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि दाजींना म्हणालो, "बघा, जिरली."

मॅनेजरने तो फोन रेकॉर्ड केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कंपनीचे लोक मजले बघायला येणार होते, हे मला माहीत नव्हतं. माझं बोलणं त्याने सिक्युरिटीवाल्याला ऐकवलं आणि सिक्युरिटीवाल्याने आणखी बाऊन्सर बोलावले. मला काय म्हणायचंय हे त्याने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दोन शब्दांत सांगितलं असतं.

आमचा टेम्पो गेटवर थांबला तेव्हा गेट सताड उघडं होतं. मला वाटलं, मान राखला. मी पुढे केबिनमध्ये होतो. मागचं फळकं पडलं, दाजी पहिले उतरले, काखेत गाठोडं, हातात बहिणीची पत्र्याची पेटी. बहीण वरून सांगत होती, "हळू, आत तेलाची बाटली हाय." तेवढ्यात परांचीच्या मागून काळ्या टी-शर्टमधले बाऊन्सर धावत आले. त्यांच्या हातात परांचीचेच पाइपाचे तुकडे होते. कुणी काही विचारलं नाही. पहिला पाइप पेटीवर बसला, पेटी फुटली, बाटली फुटली. दुसरा दाजींनी डोकं वाचवायला हात वर केला त्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी केबिनमध्ये ऐकला. सुका ऊस गुडघ्यावर मोडावा तसा.

मग सगळंच सुटलं. बाया टेम्पोतून ओरडत होत्या, बाऊन्सर आमच्या माणसांना केस धरून खाली ओढत होते. एका म्हाताऱ्याच्या तोंडावर बुटाची लाथ बसली, त्याचे पुढचे दात गेले. मी उतरलो तो जॅकची दांडी घेऊनच. एकाच्या गुडघ्यावर मारली, तो बसला, त्याच्या कानावर मारली. तिसरी मारणार तोच कुणीतरी माझी मुंडी धरून टेम्पोच्या पत्र्यावर आपटली. त्या वेळी मला वर काच दिसली. पहिल्या मजल्याच्या काचेमागे सूट घातलेले गोरे आणि आपले असे पाच-सहा लोक उभे होते. हातात कॉफीचे कागदी कप होते. एक बाई तोंडावर हात ठेवून बघत होती. त्यांच्याजवळ आमचा मॅनेजर. तो खाली बोट दाखवून काहीतरी सांगत होता.

पोलीस आले ते आम्हालाच घेऊन गेले. गाठोडी सोडली तर एका गाठोड्यात खरंच कोयता निघाला. उसाचा, मूठ कापडाने गुंडाळलेला. फडातून तसाच आलेला. माझ्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकून बसलेल्या फौजदाराने तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाकीचे एकोणीस कुठे टाकले?"

मी म्हणालो, "बाहेर बाकड्यावर बसलेत. त्यांच्या बायकाबी हायेत."

त्याने मला एक ठेवून दिली. आमच्याच पट्ट्यातला, शेवगावकडचा एक हवालदार पाणी प्यायला आत आला होता, तो हसायला लागला. "साहेब, कोयता म्हणजे जोडपं. हा जोडपी मोजतोय." फौजदार काही हसला नाही, पण संध्याकाळी आम्हाला सोडलं. कोयता ठेवून घेतला.

दाजींचा हात नगरला दाखवला. पट्टी टाकली, मग पट्टी काढली, मग परत टाकली. हाड सांधलं, पण बोटं मिटेनात. उजवा हात. जेवताना घास धरायला गेले की भाकरी निसटायची, आणि बहीण दुसरीकडे बघायची. टोळीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की तो कोयता मोडला. एकट्या बाईला कुठलाच मुकादम घेत नाही. तोडणार कोण, आणि ती बांधणार काय? मी घेतली असती. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "दादा, तू घेशील. आन टोळी रोज तोंड वाकडं करील. ते मला न्हाई सोसायचं."

मी दिवसभर पारावर बसायचो आणि दाजींचा हात मोडणाऱ्या त्या बाऊन्सरला कसा गाठायचा याचाच हिशेब करायचो. त्याच्या मानेवर गोंदलेला विंचू होता, तेवढी खूण मला पुरेशी होती. दोन वेळा पुण्याला जाऊन आलो. तो मिळाला नाही.

आणि मग मॅनेजर स्वतः गावात आला. गाडीला धूळ, अंगात पांढरा शर्ट. मला आधीच खबर होती, चहावाल्याने फोन केला होता. काचेमागच्या त्या बाईने कंपनीत वरपर्यंत सांगितलं होतं. जिथे मजुरांना असं मारलं जातं तिथे आमची माणसं बसणार नाहीत, असं भाडेकरू म्हणत होता. मार खाल्लेली तीच माणसं कामावर परत दिसली, आणि त्यांनी स्वतः भांडण मिटलं असं सांगितलं, तरच तो येणार. नाहीतर समोरचा टॉवर होताच. म्हणजे तो अख्खा काचेचा डोंगर दाजींच्या न मिटणाऱ्या बोटांवर येऊन थांबला होता. असा सौदा माझ्या हातात जन्मात आला नव्हता.

बहिणीच्या अंगणात खाट टाकली. चुलीवर चहा होता. मॅनेजर खाटेच्या कडेवर टेकला. दाजी भिंतीला टेकून खाली बसले होते, हात मांडीवर.

"यांना आम्ही कायमचं घेतो," मॅनेजर म्हणाला. "पार्किंगच्या गेटवर खुर्ची. फक्त बटण दाबायचं. ताईंना साफसफाईत. राहायला खोली."

बहिणीचा हात चहा गाळता गाळता थांबला. मी ते बघितलं. मी म्हणालो, "ते तर झालंच. पुढं बोला."

"पुढं काय?"

"तो विंचवाचा बाऊन्सर इथं आणायचा. या अंगणात. आन तुमी गेटवर, त्या गोऱ्यांसमोर, दाजींच्या पाया पडायचं."

दाजी म्हणाले, "मुकादम, पाया कशाला? मला लाज वाटंल."

"तुमी गप बसा."

मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "बाऊन्सरला काढून टाकलाय, तो कुठे आहे मलाही माहीत नाही. आणि पाया वगैरे जरा जास्त होतं, मुकादम."

"मग टॉवर ठेवा रिकामा."

"दादा," बहीण म्हणाली, "खोली देतेत म्हनतेत."

"तुला सौद्यातलं काय कळतं?"

अजून थोडं ताणलं असतं तर तो पाया पडला असता. मी आजही हे शपथेवर सांगतो. त्याची मान खाली गेलेली मी पाहिली होती. पण मग त्याने चहाचा कप उचलला, आणि जरासं हसून म्हणाला, "तसं बघितलं तर सुरुवात तुमच्याच तोंडाने झाली. कोयते घेऊन येतो असं कुणी बोलतं का? भाषा जरा नीट वापरली असती तर यांचा हात शाबूत असता."

मी त्याला कपासकट खाटेवरून खाली घेतला. गरम चहा त्याच्या छातीवर सांडला, तो किंचाळला. मी त्याच्या छातीवर बसलो आणि तोंडावर मारत राहिलो, उजव्या, डाव्या. त्याचं नाक फुटलं, पांढरा शर्ट लाल झाला. त्याने हात वर केला तेव्हा मी तो मनगटाजवळ धरला. दाजींचा मोडला तिथेच. मागे वाकवायला लागलो. दाजी ओरडत होते, एका हाताने मला ओढत होते, पण एका हातात कितीसा जोर असणार?

तेव्हा माझ्या पाठीवर फटका बसला आणि शर्ट जळाल्याचा वास आला. मला वाटलं मॅनेजरचा ड्रायव्हर. मी वळलो तर बहीण उभी होती, हातात चुलीतलं पेटतं लाकूड. तिने दुसरा फटका खांद्यावर दिला. ठिणग्या माझ्या केसांत गेल्या.

"सोड त्याला," ती म्हणाली. "सोड, न्हाईतर तोंडावर मारीन."

"तुझ्या नवऱ्याचा हात—"

"हात त्याचा, नवरा माझा, खोली माझी. तू कशाचा भांडतो?"

मी सोडला. तिने त्याला बसवलं, पदर भिजवून नाक पुसलं, हातावर पाणी घातलं. तो कण्हत होता. त्याचं रक्त पुसता पुसता ती त्याच्याशी बोलत होती. खोली पक्की का? खुर्ची सावलीत का? दोघांचा पगार वेगळा का? थंडपणे, एकेक. तो प्रत्येकाला मान हलवत होता. माझ्याकडून शिकलेली बोली होती ती, आणि माझ्यासमोर, मला वगळून चालली होती. जाताना ती त्याला म्हणाली, "ह्यो मुकादम आमच्यासंगट न्हाई. उद्या आमी आमचे येतो."

मला वाटलं टोळी जाणार नाही. टोळी माझी आहे, मी एकेक कोयता जोडलेला आहे. सकाळी देवळापुढे टेम्पो लागला तेव्हा दात पडलेला म्हाताराही गाठोडं घेऊन उभा होता. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. दाजींनी तेवढा रामराम करायला डावा हात कपाळाला लावला.

मी टेम्पोच्या आडवा जाऊन उभा राहिलो. माझी पाठ अजून जळत होती, शर्ट घालता येत नव्हता, उघडाच होतो. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी रस्त्यावरचा दगड उचलला आणि पुढचा दिवा फोडला. मग दुसरा दगड उचलला, काचेवर नेम धरला. आत ड्रायव्हरशेजारी, माझ्या जागेवर, बहीण बसली होती. ती खाली वाकली नाही, तोंडापुढे हातही धरला नाही. काचेतून माझ्याकडे बघत राहिली.

"मारायचा आसंल तर लवकर मार, दादा," ती म्हणाली. "दुपारच्या आत पोचायचंय."

दगड माझ्या हातात राहिला. ड्रायव्हरने टेम्पो मागे घेतला, देवळाला वळसा घातला, आणि पलीकडच्या नांगरलेल्या रानातून, बायांना धक्के देत, रस्त्याला काढला.