क्रेडिट मागणारा चोर

मी आयुष्यात एकच चोर पकडला, आणि तो विद्यापीठातला कारकून निघाला.

आमची सायली मुरबाडच्या कॉलेजात बीएस्सीची दोन वर्षं शिकली. मग तिला मातीचा अभ्यास करायचा होता, आणि तो विषय होता नाशिकच्या विद्यापीठात. मागचे मार्क तिकडे चढले तर थेट तिसरं वर्ष, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून! (त्या मार्कांना क्रेडिट म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.) किन्हवलीत आमच्या घरात कुणाला धड जेवण जात नव्हतं.

त्या दिवशी सायली एका दाखल्यासाठी मुरबाडला गेलेली. तिला रेंज नाही. दुपारी माझा फोन वाजला.

"सायलीचा फोन लागत नाही म्हणून तुम्हाला केला. तिच्या क्रेडिट बँकेचा बारा आकडी नंबर चुकलाय. बरोबर सांगता का? ट्रान्सफर लगेच करायचंय."

बँक! नंबर! ट्रान्सफर! आणि वर घाई! ग्रामपंचायतीत पोलिसांनी नुकतंच बजावलं होतं, घाई करतो तो भामटा.

"थांबा हां भाऊ," मी गोड आवाजात म्हटलं आणि गोठ्यात शिरले. म्हशीच्या कानात सरकारी डॉक्टरांनी ठोकलेला पिवळा बिल्ला असतो. त्यावर बरोबर बारा आकडे! एका हातानं म्हशीचा कान धरून मी ते वाचले. म्हैस मान झटकायची, मी पुन्हा वाचायचे. चोराला मात्र भलताच धीर!

"मॅडम, या नंबरवर विद्यार्थी दिसत नाही."

"दिसंल कसा? म्हस हाय ती! लाज नाय वाटत रे? तुझ्या आईला म्हाईत हाय का, तू काय धंदा करतोस?"

फोन आपटला, नंबर ब्लॉक केला आणि साऱ्या आळीला चहा पाजला.

तिन्हीसांजेला सायली आली. ऐकलं आणि पायरीवरच बसली. "आये, ती बँक माझ्या मार्कांची गो! उद्या शेवटची तारीख हाय."

तिथूनच विद्यापीठात फोन लावला, तर ऑफिस बंद.

सकाळी आटगावहून गाडी धरून कसारा, तिथून जीपनं घाट चढून नाशिक. वाटेत सायली सारखे कागद तपासत होती.

खिडकीत चष्मेवाला पोरगेला कारकून. सायलीनं नंबर दिला, त्यानं टाकला. पडद्यावर नुसतं चक्र फिरायला लागलं.

"झालं का वो?" मला राहवेना.

त्याची बोटं थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "काल माझ्या आईची चौकशी तुम्हीच केलीत ना?"

"बऱ्या हायत ना त्या?" मी विचारलं. सायलीनं माझा पाय तुडवला.

"बरी आहे," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. "एक विषय जुळत नाही."

सायली पांढरीफटक. मी खिडकीची जाळी घट्ट धरली. त्यानं मुरबाडच्या कॉलेजला फोन लावला, विषयाचं नाव दुरुस्त करून घेतलं, पुन्हा चक्र फिरवलं.

"आली! सगळी क्रेडिट आली!"

सायली हसता हसता रडायलाच लागली. तोही हसला. "म्हशीचा नंबर मी तीनदा टाकून बघितला हो, काकू!"

निघताना सायलीनं पालकाचा नंबर बदलून घेतला. माझा काढून तिच्या मामाचा दिला.

"त्याला ऐकू नाय येत गो," मी म्हटलं.

"तेच बरं," कारकून म्हणाला.