गाडीचं नाव यादीत नव्हतं

माझ्या दादानं बावीस वर्षं सैन्यात काढली आणि त्या बावीस वर्षांत बायकोला दिलेला एकही शब्द पाळला नाही. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. कधी सुट्टी रद्द व्हायची, कधी बदली यायची. वहिनी आष्ट्यात आमच्या घरी, आणि तिची म्हातारी आई पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. तिथं जायचं म्हणजे तीन एसट्या आणि शेवटी माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. वहिनीचे गुडघे चाळिशीतच गेले होते. वर्षातून एकदा जाणं झालं तरी पुष्कळ. म्हणून पेन्शनीत निघाल्यावर दादानं पहिलं ठरवलं ते गाडी घ्यायचं. दर महिन्याला वहिनीला आईकडं न्यायचं, एवढ्या एकाच कामासाठी.

मी विम्याची एजंट. सांगलीत राहते, कुपवाडच्या कारखान्यांतून स्कूटीवर फिरते. टेम्पो, मोटरसायकली, कुणाची नवी चारचाकी, जे मिळेल त्याचा विमा उतरवते. नवऱ्याची चार बोटं तिथल्याच एका प्रेस मशीनखाली गेली, तेव्हापासून घर माझ्या कोडवर चालतं. कोड म्हणजे कंपनीनं एजंटाला दिलेला नंबर. तो आहे तोवर मी कुणीतरी आहे, तो गेला की स्कूटीवरून फिरणारी एक बाई. त्यामुळं दादा शोरूममधूनच विमा घेतो म्हणाला तेव्हा मला राग आला. घरात एजंट असताना बाहेरचा विमा कशाला, म्हणून मी त्याला फोनवर चांगलंच झापलं. तो हसला आणि म्हणाला, "बरं बाई, तूच कर."

गाडी अगदी नवी होती. तिचं पेट्रोलचं मॉडेल आधी आलं, गॅसवर चालणारं नुकतंच पंधरा दिवसांपूर्वी. पाटणच्या फेऱ्या परवडाव्यात म्हणून दादाला गॅसचीच हवी होती. आमच्या कंपनीच्या संगणकात गाड्यांची यादी असते. आधी मॉडेल निवडायचं, मग ती कशावर चालते ते. जी गाडी यादीत नाही तिचा विमा निघत नाही, मग ती तुमच्यासमोर उभी असो. दादाच्या गाडीचं मॉडेल यादीत होतं, पण पुढं एकच पर्याय, पेट्रोल; गॅसवाल्या गाडीचं नाव नव्हतं. मी शाखेत फोन केला. तिथल्या साहेबांनी सांगितलं की हेड ऑफिसला मेल टाकलाय, नवं मॉडेल आहे, यादीत यायला आठ-दहा दिवस लागतील. शोरूममध्येही तेच, त्यांच्या विम्याच्या यादीतही ती नव्हती. तिथला मॅनेजर म्हणाला, "विम्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. दिवाळीला न्या ना, ताई."

दसरा परवावर आला होता. आमच्याकडं गाडी दसऱ्याला दारात येते, नाहीतर पाडव्याला. अधल्यामधल्या दिवशी आणलेल्या गाडीकडं लोक दुखणाईत माणसाकडं बघावं तसं बघतात. वहिनीनं आईला फोन करून सांगितलेलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही येतो. म्हातारीनं अंगण सारवून घेतलं होतं. आणि सगळ्यांत वर माझा तोरा. शोरूमचा विमा नको म्हणणारी मीच, आता कुठल्या तोंडानं सांगणार की माझ्याच्यानं होत नाही?

मी पेट्रोलचं मॉडेल निवडलं. चॅसी नंबर बरोबर, इंजिन नंबर बरोबर, मालकाचं नाव बरोबर, रंगसुद्धा बरोबर. फक्त इंधनाच्या रकान्यात पेट्रोल. नाव यादीत आलं की दुरुस्ती करून घेऊ, असं मी मनाशी म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य रोज म्हटलं जातं आणि शंभरातल्या नव्वद वेळा काही होत नाही. दादाला मी एवढंच सांगितलं, झालं काम.

दसऱ्याला गाडी दारात आली. चाकाखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला. आमच्याकडं त्या दिवशी खुरप्या-कोयत्यापासून सगळ्यांची पूजा होते, तशी वहिनीनं गाडीच्या कागदांचीही केली. पॉलिसीवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर आपट्याचं पान ठेवलं आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात देवांच्या मागं उभा केला. दुसऱ्या दिवशी दोघं पाटणला गेली. वहिनी पहिल्यांदा आईच्या दारात गाडीतून उतरली. मला तिचा तिथून फोन आला. ती काय बोलली ते आठवत नाही, पण बोलता बोलता दोनदा थांबली ते आठवतं.

यादीत नाव यायला तीन आठवडे लागले. शाखेतून निरोप आला आणि चारच दिवसांवर भाऊबीज होती. मी आष्ट्याला गेले, ओवाळलं, जेवले आणि मग म्हटलं, "वहिनी, तो गाडीचा कागद काढा जरा. थोडी दुरुस्ती करायची आहे."

वहिनीनं देव्हाऱ्याकडं बघितलं. "पूजा झालेला कागद हाय त्यो, वन्सं. आमच्यात वरीसभर हलवत न्हाईत. लय गरजेचं हाय का?"

खरं तर त्या कागदाला हात लावायचीही गरज नव्हती. दुरुस्ती संगणकात होते. दादाची एक सही लागते, थोडे पैसे भरावे लागतात आणि नवा कागद येतो. पण सही मागायची म्हणजे कशासाठी ते सांगावं लागणार. मी चुकीचं भरलं, आणि चूक माहीत असताना भरलं, हे दादासमोर, वहिनीसमोर, ताटात लाडू असताना सांगायचं. मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं, आणि इतक्या दिवसांनीही मला दुसरं कारण सापडलेलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "तसं काही नाही."

दादा म्हणाला, "गुढीपाडव्याला बघू की. गाडी कुठं पळून जात्या?"

त्यानंतर ती दोघं आणखी एकदा पाटणला जाऊन आली. तिसऱ्या वेळी परत येताना, दिवस मावळायला, आष्टा चार-पाच किलोमीटरवर राहिलेलं असताना रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. तिचा आस मोडलेला. मागं दिवा नाही, साधं लाल फडकं नाही, आणि ऊस मागच्या बाजूनं हातभर बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात दादाला ती दिसलीच नाही. ऊस काच फोडून आत आला. दादाच्या छातीला मार लागला. वहिनीनं तोंडावर हात धरला म्हणून डोळे वाचले, पण डावा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. सांगलीच्या दवाखान्यात त्यात सळी घातली.

गाडी कुपवाड रस्त्याच्या एका गॅरेजच्या आवारात ओढून आणली. कंपनीचा सर्व्हेअर आला. त्यानं मागचं झाकण उघडलं, खालची टाकी बघितली, मग हातातला कागद बघितला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ही गॅसची आहे?" मी हो म्हटलं. त्यानं फोटो काढले. 

दोन दिवसांनी शाखेतल्या साहेबांनी मला बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं दार लावून घेतलं आणि सरळ सांगितलं. चौकशीला माणूस येईल. मालकाचा जबाब घेईल. गाडी गॅसची आहे हे मालकानं एजंटाला सांगितलं होतं असं निघालं, तर चूक आमच्या माणसाची. कंपनी क्लेम देईल, पण तुमचा कोड जाईल, मॅडम. सांगितलं नव्हतं असं निघालं, तर माहिती लपवली म्हणून क्लेम नामंजूर. तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही आधी फोन केला होतात ते मी कुठं बोलणार नाही.

संध्याकाळी मी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. पेट्रोल का लिहिलं, भाऊबीजेला काय करायचं होतं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुजा कोड गेला म्हंजी काय हुतंय गं?"

"काम बंद होतं," मी म्हटलं.

"कायमचं?"

"हो."

"बरं."

"दादा, तू खरं ते लिही," मी म्हटलं. मी हे म्हटलं, हे अगदी खरं आहे. पण कसं म्हटलं तेही लिहायला हवं. मी रडत म्हटलं. नवऱ्याच्या हाताचं मध्येच काढलं, पोरीच्या कॉलेजचं काढलं, आणि मग म्हटलं की तू खरं ते लिही. लहानपणापासून मला त्याच्याकडून काही हवं असलं की मी असंच करत आले आहे. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

चौकशीचा माणूस आष्ट्याला आला तेव्हा मी तिथं होते. वहिनी आतल्या खोलीत हात उशीवर ठेवून पडली होती. नुकतीच औषधाची गोळी घेतल्यामुळं तिला झोप लागलेली. बाहेर आम्ही तिघंच. त्या माणसानं दादासमोर कोरा कागद ठेवला आणि मला विचारलं, "ताई, फॉर्म भरताना गाडी कोणती आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं. दादा माझ्या आधी बोलला.

"तिला न्हवतं म्हाईत. मीच सांगितलं न्हाई. गाडी गाडी आसती, त्यात काय सांगायचं, आसं वाटलं मला."

"हे लिहून द्याल?"

"दीन की."

त्यानं पेन घेतलं. सैन्यातल्या लोकांसारखं त्याचं अक्षर मोठं आणि उभं आहे. 'मी माझी गाडी गॅसवर चालते ही माहिती माझ्या बहिणीस दिली नव्हती.' एवढं लिहायला त्याला दोन-तीन मिनिटं लागली असतील. छाती दुखत होती म्हणून तो मध्ये थांबून श्वास घेत होता. माझी खुर्ची त्याच्या शेजारीच होती. नुसता हात पुढं केला असता तर पेन धरता आलं असतं. मी त्याच्या हाताकडं बघत राहिले. त्यानं सही केली, खाली तारीख घातली, आणि त्या माणसाला म्हणाला, "च्या घ्या की." मी उठून चहा ठेवला.

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर दादानं गॅरेजवाल्याला पुन्हा विचारलं नाही. पेन्शनीचे एकरकमी पैसे मिळाले होते ते गाडीत गेले होते. गाडी आवारातच राहिली.

त्याच सुमाराला पाटणकडून निरोप यायला लागले. वहिनीच्या आईनं अंथरूण धरलं होतं. म्हातारी रोज विचारायची, गाडी कवा येणार? वहिनीच्या हातात सळी, एसटीच्या गर्दीत उभं राहायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. भाड्याची गाडी करून दादानं तिला एकदा नेलं. महिनाभरात एकदाच. दुसऱ्यांदा नेईतो म्हातारी गेली. त्या दिवशी मात्र गल्लीतली दोन माणसं आपापल्या गाड्या घेऊन दारात उभी राहिली. मयताला गाडी कुणीही देतं.

तेराव्यानंतर मी आष्ट्याला गेले. वहिनी सोप्यात बसून एका हातानं शेंगा फोडत होती. मला बघून तिनं रडून घेतलं. मग शिव्या घालायला लागली. कंपनीला, साहेबांना, त्या कागदाला. "हप्ता घ्यायच्या वक्ताला गोड बोलत्यात, वन्सं, आन् द्यायच्या वक्ताला आमच्यावरच खोटेपणाचा आळ. ह्यांनी काय लपवलं हुतं? ह्यांना लपवता येतं का?" तेव्हा मला कळलं की दादानं तिलाही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी कंपनीनं त्याला खोटा ठरवला होता, आणि तिचा नवरा तो डाग घेऊन गावात फिरत होता. दादा शेजारी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

रागाचा भर ओसरल्यावर वहिनीनं पदरानं डोळे पुसले. "माज्या भावाच्या पोरानं नवी गाडी घेतलीया," ती म्हणाली. "मी त्याला सांगितलंय, विमा आमच्या वन्संकडं कर. कंपनी कशी का आसंना, मधी आपलं मानूस आसलं म्हंजी घोर न्हाई."

सांगायचं तर ती वेळ होती. वहिनी जागी होती, तिघंही घरचीच होतो, कुणी जबाब लिहून घेत नव्हतं.

दादा म्हणाला, "फॉर्म आणलायस का गं?"

फॉर्म माझ्या पिशवीत नेहमीच असतो. मी तो काढला, मांडीवर ठेवला, आणि वहिनीला तिच्या भाच्याचं पूर्ण नाव विचारलं.