भोंग्याचा सूर

आमचं एकतारी भजनी मंडळ आठ जणांचं आणि म्होरक्या मी. एकतारीला तार एकच, तरी आमच्या आठ तारा कधी जुळल्या नाहीत. निजामाच्या राज्यात आमच्या गावाला वीज नव्हती, म्हणून मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, बैलगाडीत मावेल असा भोंगा पसंत करायला आम्ही आखाडा बाळापूरला गेलो. तिथे ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे तसे दोन होते. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो डोळे मिटून काडीनं कान कोरायचा.

"मोठा द्या," मी म्हणालो. "पलीकडच्या गावाला ऐकू गेलं पाहिजे."

"काहून? त्यायनं काय वाईट केलं तुमचं?"

मी मोठ्या भोंग्यालाच हात घातला.

"पयले गाऊन दाखवा," तो म्हणाला.

आम्ही अभंग सुरू केला. म्हाताऱ्याची काडी कानातच थांबली. त्यानं चाचपडत मोठ्या भोंग्यावर फडकं टाकलं आणि लहान पुढे सरकवला.

मला माझाच आवाज ऐकायची हौस. मी भोंग्याचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि माइकसमोर तान घेतली. भोंग्यानं अशी लांबलचक शिट्टी मारली, की बाहेर आमचे बैल बुजले.

आम्ही कानांवर हात ठेवले. म्हाताऱ्यानं मात्र डोळे उघडले आणि मान डोलावली.

"वा! आता बराबर सूर लागला."

पुढे गावानं मला बुवा म्हणून पुष्कळ हार घातले. पण माझं गाणं खरोखर ऐकलेला माणूस तो एकटाच.